टाउन हॉलचा ईशान्य कोपरा

"त्या भिंतीला विचारलंस का?"

काका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी स्टुलावर चढले होते, चिकटपट्टीचा तुकडा दातांत धरला होता आणि झेंडूची कागदी माळ भिंतीवरच्या लाकडाला चिकटवायच्या बेतात होते. वळून पाहिलं तर एक बुटके गृहस्थ उभे. डोक्याला टक्कल, अंगात तपकिरी स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. आवाज इतका हळू, की प्रश्न मला विचारलाय का स्वतःलाच, ते कळेना.

"काय विचारू भिंतीला?" मी तोंडातली पट्टी काढून म्हटलं.

"की बाई गं, तुझं पॉलिश ओरबाडून काढू का म्हणून. ती नाही म्हणणार. उतर खाली."

मग त्यांनी पिशवीतून सुतळी आणि लोखंडी हूक काढले. भिंतीवर बरंच उंच, चित्रं टांगायला म्हणून एक लाकडी पट्टी सगळ्या हॉलभर फिरवलेली होती. तिच्यात हूक अडकवून त्यांनी माझी माळ अशी सोडली, की खालच्या लाकडाला तिचा स्पर्शसुद्धा होईना. "बघ," ते म्हणाले, "बांधणाऱ्याला ठाऊक होतं, पुढेमागे कोणीतरी माळा घेऊन येणार."

इंग्लंडमधल्या रीडिंगला येऊन मला तेव्हा जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. नवरा दिवसभर ऑफिसात, मुलगी शाळेत, मी घरात. कोणीतरी मला तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घातलं आणि गणपतीच्या सजावटीला मदत करायला म्हणून मी गेले. तर हे असं स्वागत.

आमच्या मंडळाचा गणपती रीडिंगमध्ये बसत नसे. छोट्या रेल्वेगाडीनं अर्ध्या तासावर एक बाजाराचं गाव आहे, तिथल्या टाउन हॉलमध्ये बसे. गावाच्या मधोमध, नदीजवळ, ती विटांची इमारत. खाली समोरच्या बाजूला दगडी खांब आणि कमानी, तिथे पूर्वी भाजीबाजार भरायचा. वरच्या मजल्यावर मोठा हॉल, डोक्याच्याही वरपर्यंत ओकच्या लाकडानं मढवलेला, उंच खिडक्या, आणि वर रांगेनं जुन्या मेयरांची तैलचित्रं. वर जायला वळणाचा, रुंद, लाकडी जिना. लिफ्ट नाही. कार पार्क नाही. हीटिंग लागलं तर लागलं.

हा हॉल घ्यायचा हट्ट काकांचा. मंडळात त्यांच्याकडे एकच खातं होतं, हॉल बुकिंगचं, आणि ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न दरवर्षी होई. माझ्यासमोरच्या पहिल्या मीटिंगमध्ये एका उत्साही तरुणानं लॅपटॉप उघडून लेझर सेंटरचे, म्हणजे खेळ-व्यायामाच्या संकुलाचे, फोटो दाखवले. प्रशस्त पार्किंग, एसी, किचन.

"तिथे खाली स्विमिंग पूल आहे ना?" काकांनी विचारलं. ते इतकं हळू बोलायचे की अख्खी खोली पुढे झुकायची.

"हो काका, पण आपला हॉल वेगळा."

"वास तोच. क्लोरीनचा. बाप्पाला आणायचं दर्शनाला का पोहायला?"

लोक हसले, आणि पुढचं वर्षही टाउन हॉलच ठरला. दरवर्षी असंच काहीतरी व्हायचं.

काका मूळचे मिरजेचे. पोरसवदा वयात इंग्लंडला आले, आधी कारखान्यात आणि मग टपाल खात्याच्या सॉर्टिंग ऑफिसात नोकरी केली, तिथूनच रिटायर झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लंडनला, स्टॅनमोरमध्ये. ते एकटेच त्या गावात, टाउन हॉलच्या मागच्या गल्लीत राहत. दर शनिवारी सकाळी हॉल पाहुण्यांसाठी उघडायचा, ते काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

त्यांचं हॉल उघडणं बघण्यासारखं असे. दार उघडल्यावर लगेच आत जायचं नाही. उंबऱ्यावर थांबून, चौकटीवर दोनदा बोटांनी टकटक करून म्हणायचे, "काय, बरी आहेस ना?" मग खिडक्या. कुठली खिडकी कुठल्या वाऱ्याला उघडायची, याची त्यांची स्वतःची ठाम मतं होती. मी एकदा विचारलं, काका, तुम्ही हिच्याशी मराठीत का बोलता? तर म्हणाले, "इंग्लिशमध्ये तिच्याशी सगळेच बोलतात. तिला कंटाळा आला असेल."

हॉलच्या प्रत्येक खुर्चीच्या प्रत्येक पायाला त्यांनी जुन्या ब्लँकेटचे गोल तुकडे चिकटवले होते. एखादा तुकडा निघाला की खुर्ची ओढल्याबरोबर त्यांना आवाजावरून कळे. गप्पा मारता मारता मध्येच थांबायचे, चेहरा दुखावल्यासारखा व्हायचा, आणि "खिडकीकडची, तिसरी रांग" असं पुटपुटत उठायचे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते हॉल दाखवत, पण माहिती मात्र फार देत नसत. कोणी साल विचारलं तर म्हणत, "खाली पाटीवर लिहिलंय. तुम्ही आधी बसा हो. पाच मिनिटं नुसते बसा." पुष्कळ लोक खरंच बसत. काही डुलक्याही घेत. त्याचा काकांना अभिमान.

मुलांना मात्र ते त्या तैलचित्रांवरून फिरवून आणत. प्रत्येक मेयरला त्यांनी नाव ठेवलं होतं. एक नाकवाले, एक दमेकरी, एक ज्यांचा कुत्रा त्यांच्यापेक्षा हुशार दिसतो ते. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. एकदा ती सगळी रांग बघून आली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काकाआजोबा, इथे एक पण बाई नाही आहे. आणि आपल्यासारखा कोणी पण नाही."

मी जरा अवघडले. काकांनी शांतपणे चष्मा पुसला.

"भिंत अजून भरलेली नाही," ते म्हणाले. "तिकडे दाराजवळ बघ केवढी जागा आहे."

या हॉलचं एवढं काय, हे मी त्यांना कधीतरी विचारणारच होते. उत्तर सहज मिळालं, एका शनिवारी, पाऊस होता आणि कोणी पाहुणा नव्हता तेव्हा. ते पहिल्यांदा इथे आले तेव्हा भाड्याच्या खोलीत मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय गॅसची शेगडी पेटायची नाही. नाणी फार नसत. टाउन हॉलच्या खालच्या खोलीत तेव्हा वाचनालय होतं. सुट्टीच्या दिवशी काका तिथे जाऊन रेडिएटरला पाठ लावून बसत, समोर कुठलंतरी वर्तमानपत्र उलगडून.

"इंग्लिश वाचायला येत होतं तुम्हाला तेव्हा?"

"यायचं की. पण वाचत कोण होतं! ऊब घेत होतो." मग म्हणाले, "तिथला तो केअरटेकर सगळं ओळखून होता. पेपर उलटा असला तरी बोलायचा नाही. या गावात तेव्हा सगळे मला काही ना काही विचारायचे. कुठला, का आलास, परत कधी जाणार. या एका इमारतीत मला कोणी काहीही विचारलं नाही."

त्यांनी खिडकी थोडी ढकलली, पाऊस आत येत होता.

गावात जुन्या इमारती जपणारी एक हेरिटेज सोसायटी होती. तिच्या अध्यक्ष एक निवृत्त शिक्षिका, उंच, ताठ, बोलायला तोडून टाकल्यासारख्या. काका त्यांना 'मॅडम' म्हणत. दर शनिवारी त्या अकरा वाजता हॉलमध्ये येत, काका फ्लास्कमधला आल्याचा चहा देत, आणि दोघं खिडकीखालच्या बाकावर बसून गावात कोणी कुठे प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या यावर हळहळत. दोघांना दुसरं कोणी फारसं नव्हतं. ते दोघंही हे कधी बोलून दाखवत नसत.

कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, टाउन हॉलला लिफ्ट बसवायची योजना काढली, तेव्हा या दोघांनी मिळून ती हाणून पाडायची ठरवली. हरकत त्यांची अगदीच पोकळ नव्हती. लिफ्ट यायची ती हॉलच्या ईशान्य कोपऱ्यातून. तिथलं सगळं ओकचं लाकूड काढावं लागणार होतं, छताजवळच्या नक्षीचा एक पट्टा कापावा लागणार होता आणि एक खिडकी कायमची बंद होणार होती. सकाळचं ऊन येणारी तीच खिडकी. शिवाय तो कोपरा आमच्या बाप्पाचा. काका दरवर्षी मखर तिथेच लावत.

"आणि जिन्याचं काय?" ते मला तावातावानं, म्हणजे त्यांच्या मानानं तावातावानं, म्हणाले. "तो जिना म्हणजे हॉलचा पहिला भाग आहे. चढता चढता माणूस तयार होतो. डब्यातून वर आलेल्या माणसाला काय कळणार?"

मला ते पटलं होतं. माझे गुडघे शाबूत होते.

हे भांडण तिसऱ्या वर्षात गेलं, त्या वर्षी माझी आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. आईला आरत्या म्हणायची भारी हौस. आमच्या कॉलनीच्या गणपतीत ती सुरुवात करायची आणि बाकीचे तिच्या मागून. येताना बॅगेत झांजा घेऊन आली होती. गुडघ्यांची तक्रार होती, पण ती सांगायची बाई नव्हे. नवी साडी नेसून, झांजा पर्समध्ये घालून ती आमच्याबरोबर गाडीतून उतरली, कमानीखाली आली आणि जिन्याकडे पाहून थांबली.

पाच-सहा पायऱ्या चढली. मग कठडा धरून उभी राहिली. नवऱ्यानं आणि मी दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा प्रयत्न केला, पण तिनं हात सोडवून घेतले.

"राहू दे. तुम्ही जा नं वर. मी खाली बसते, मस्त हवा येऊन राहिली आहे."

हवा सप्टेंबरची, अंगाला झोंबणारी. मी तिच्याजवळ थांबते म्हटलं तर ऐकेना. मुलीचा नाच होता, तिला तयार करायला कोणीतरी हवं होतंच. शेवटी एक घडीची खुर्ची कमानीखाली मांडून, माझी शाल तिच्या अंगावर घालून मी वर गेले.

वर कार्यक्रम सुरू झाला आणि स्टेजचा पडदा अर्ध्यात अडकला. तो ओढायचं तंत्र फक्त काकांना ठाऊक, आणि काका गायब. शोधाशोध झाली. कोणीतरी म्हणालं, कमानीत कोणी गाडी लावली म्हणून ओरडायला खाली गेलेत. आरती झाली, अर्ध्या पडद्यातच मुलीचा नाच झाला, तरी काकांचा पत्ता नाही.

मी प्रसादाचं ताट घेऊन खाली आले, तर काका आईच्या शेजारी दगडी पायरीवर बसले होते. स्वेटर आईच्या गुडघ्यांवर. ते शर्टात.

पुढे आईनं मला सगळं सांगितलं. काका गाडीवाल्याला शोधत आले, गाडी नव्हती, ही बसलेली. त्यांनी विचारलं, तुम्ही वर नाही का आलात? आईनं गुडघ्यांकडे बोट दाखवलं. तेवढ्यात वर आरती सुरू झाली. खाली सगळं ऐकू येत होतं. आईनं पर्समधून झांजा काढल्या आणि खाली बसल्या बसल्या ती आरतीत मिसळली. सगळी आरती म्हटली. बाजारातून जाणारे दोन गोरे मुलगे थांबून बघत होते म्हणे. आरती संपल्यावर तिनं काकांना विचारलं,

"काहो, ही एवढी मोठी इमारत कोणासाठी बांधली?"

"गावासाठी," काका म्हणाले.

"सगळ्या गावासाठी?"

"सगळ्या गावासाठी."

"असं होय," आई म्हणाली. "मी तर व्हिजिटर आहे म्हणा. माझं चालून जाईल. पण गावातही असतील नं कोणी, गुडघेवाले."

ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणे येत नाहीत. खरंच कुतूहल म्हणून विचारत होती. काका तिथून हलले नाहीत. मी ताट घेऊन आले तेव्हा ते जिन्याकडे बघत होते.

कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीची मीटिंग त्यानंतर काही आठवड्यांनी होती, त्याच हॉलमध्ये. हरकत घेणाऱ्यांना तीन-तीन मिनिटं. मॅडम पहिल्या बोलल्या, मुद्देसूद, धारदार. त्यानंतर काकांचं नाव पुकारलं. मी मागच्या रांगेत होते. काका उठले, पुढे गेले, आणि मायक्रोफोन त्यांनी हातानं बाजूला सारला.

आता कोणाला ऐकू येणार, असं माझ्या मनात आलं. पण त्या हॉलमध्ये हळू बोललेलंही शेवटच्या भिंतीपर्यंत पोचतं. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"आय हॅव कम टु टेक माय नेम ऑफ," ते म्हणाले. हरकतीवरचं आपलं नाव काढून घ्यायला ते आले होते. मग ते इंग्लिशमध्ये जे बोलले त्याचा अर्थ असा, की गेली तीन वर्षं मी या लिफ्टला विरोध करतोय, कारण माझं या खोलीवर प्रेम आहे. पण ही खोली मी ज्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी माझे पाय तरुण होते. दुसऱ्या कोणाला ती दिसावी म्हणून तिचा एक कोपरा जात असेल, तर तो जाऊ दे. मला वाईट वाटणार आहे. फार वाटणार आहे. पण तो माझा प्रश्न आहे, तुमचा नाही.

तीन मिनिटांतलं एकही मिनिट धड संपलं नव्हतं. ते जागेवर येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवरून मॅडम उठल्या, कोट घातला आणि जिना उतरून निघून गेल्या.

योजना मंजूर झाली. मंडळातल्या लोकांनी काकांचं अभिनंदन केलं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. कोपऱ्यातलं लाकूड काढायला कौन्सिलनं नेमलेला सुतार आला, तेव्हा काका रोज तिथे हजर. लाकडाची प्रत्येक फळी निघाली की ते ती स्वतःच्या जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळायचे, वर दोरी बांधायचे, आणि खालच्या खोलीत नेऊन भिंतीशी उभी करायचे. सुताराला त्याची गंमत वाटे. छताची नक्षी कापली त्या दिवशी मात्र काका आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "आज जरा सर्दी आहे."

मॅडमनी वर्षभर त्यांच्याशी संबंध ठेवला नाही. शनिवारी अकरा वाजले की काका फ्लास्क उघडत, दोन कपांत चहा ओतत, आणि थोड्या वेळानं दुसरा कप मला देत. एका शनिवारी जिन्यावर तीच ताठ पावलं वाजली. त्या आल्या, बाकावर बसल्या आणि कोपऱ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "नाक्यावरच्या बेकरीवाल्यानं निऑनची पाटी लावलीय." काका म्हणाले, "टेरिबल." मी माझा कप मॅडमच्या हातात दिला आणि खाली निघून आले.

काका आता मुलीकडे स्टॅनमोरला असतात. डॉक्टरांनी एकटं राहू नका सांगितलं. शनिवारी हॉल मी उघडते. दुपारी त्यांचा फोन येतो. तब्येत कशी आहे विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करतात आणि म्हणतात, "नदीकडच्या खिडक्या उघडल्या होत्यास ना? कोण कोण येऊन बसलं?" मी सांगते. कोणी झोपलं असेल तर तेही सांगते, त्यांना बरं वाटतं.

पण मला त्यांची आठवण येते ती लिफ्ट सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या गणपतीतली. आई दुसऱ्यांदा आली होती. मधल्या काळात तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं करायला तिनं नकार दिला होता. मखर या वेळी खिडक्यांच्या बाजूला. काका सकाळपासून तिथेच, पांढरा झब्बा घालून. मी आईला घेऊन लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट फार हळू चढते. आईनं माझा हात घट्ट धरला होता.

दार उघडलं. काका समोर उभे होते, घरी पाहुणे आल्यावर दारात उभे राहतात तसे.

"या," ते म्हणाले.

आई बाहेर आली आणि थांबली. उंच खिडक्यांतून ऊन पडलं होतं. तिनं लाकडावर हात ठेवला. वर छताकडे पाहिलं, मेयरांची रांग पाहिली, पुन्हा छताकडे पाहिलं. तिच्या बाजूलाच, लिफ्टच्या चौकटीशी, छताची नक्षी जिथे कापली होती तिथे नुसता पांढरा गिलावा होता. तिनं तोही पाहिला. बराच वेळ पाहिला. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मी काकांच्या.

"यासाठी भांडत होते का तुम्ही, लिफ्ट नको म्हणून?" तिनं विचारलं.

"हो."

आई मान हलवत म्हणाली, "बरोबर होतं तुमचं. मीही भांडले असते."

काकांनी चष्मा काढला, परत घातला. मग वाकून त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, न ओढता, अलगद, आणि आईसाठी बाप्पासमोर नेऊन ठेवली.